अर्ध्यावर अडकलेला अँटेना

रविवार, मार्गशीर्षातली सकाळ, साडेनऊ. हजर: मी, अव्वा, आणि चहाचा कप संपेपर्यंत तम्मा. गैरहजर: आप्पा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, पण आज त्यांचं नाव निघाल्याशिवाय एकही नट सुटला नाही, म्हणून तीही नोंद केली.

आमच्यात आईला अव्वा म्हणतात. माहेर संकेश्वरचं, तिकडून ती हा शब्द घेऊन कोल्हापुरात आली. तम्मा म्हणजे माझा धाकटा भाऊ. आप्पा म्हणजे वडील, उद्यमनगरात त्यांची लेथची दोन मशीनं होती. आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली पांढरी गाडी आप्पांची. ती मंगळवारी भंगारात जाणार, असं तम्मानं ठरवलंय. शेड त्याला नव्या गाडीसाठी हवी आहे. त्यावर माझं काही म्हणणं नाही. गाडी जुनी झाली, जाऊ दे. मला फक्त ती जायच्या आधी तिचा अँटेना पूर्ण वर गेलेला आणि पूर्ण खाली आलेला बघायचा होता, आणि अव्वाला दाखवायचा होता. कारण तो अव्वानं मोडला असं आमच्या घरात तीस वर्षांवर सांगितलं जातंय. मंगळवारनंतर हे खोडून काढायला जागाच उरणार नव्हती.

शनिवारी कागदावर लिहिलं: पाना, पेचकस, पक्कड, जुनं सुती कापड, रॉकेल, टॉर्च, चार्ज केलेली बॅटरी, नवी काठी. नव्या काठीसाठी दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसानं माझ्या मागं बघितलं, नवरा कुठं दिसतो का म्हणून.

"पावणं न्हाईत आलं?"

"पाहुण्यांचं काय काम? काठी मला पाहिजे. नायलॉनची दातेरी दोरी लावलेली, मोटरवर चालणारी."

"वहिनी, ह्ये मिस्त्रीचं काम हाय. दात उलट्या बाजूला बसलं की मोटर जळतीय. मिस्त्रीला पाठवा, त्येला मी बरोबर दितो."

मी जुन्या काठीचं माप, जाडी आणि तुकड्यांची संख्या लिहिलेला कागद त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो वाचला, आत गेला, आणि गुपचूप काठी घेऊन आला. दुकानातून बाहेर पडले तेव्हा माझे कान गरम झाले होते. एका माणसावरचा राग दुसऱ्यावर काढू नये हे मला कळतं. पण "हे तुमचं काम नव्हे" ही ओळ मी पहिल्यांदा ऐकत नव्हते.

गाडी आली तेव्हा मी अकरावीत होते. तसली गाडी गल्लीत आणखी दोघांकडे होती, पण वर जाणारा अँटेना फक्त आमच्या गाडीला होता. आप्पांनी तो मुद्दाम बसवून घेतला होता, मागं डाव्या बाजूला, डिकीच्या कडेला. रेडिओचं बटण फिरवलं की मागं घर्रर्र व्हायचं, आणि चकचकीत काठी एकातून एक निघत आभाळाकडे जायची. शेवटचा तुकडा गवताच्या काडीएवढा बारीक. त्याच्या टोकाला एक मणी. तो मणी थरथरून स्थिर झाला की मग रेडिओत माणसं बोलायला लागायची. मला बरेच दिवस वाटायचं की वर कुठंतरी तो मणी टेकतो आणि तिथून आवाज खाली ओघळतो.

बटण फिरवायचं काम अव्वाचं होतं. ती पुढं, आप्पांच्या शेजारी बसायची. आप्पांचं लक्ष रस्त्यावर, आणि अव्वाची उजव्या हाताची दोन बोटं त्या बटणावर. सांगली आकाशवाणी लावायची म्हणजे बटण केसभर मागं, मग केसभर पुढं. खरखर, मग कुठल्यातरी भाषणाचा तुकडा, मग पुन्हा खरखर, आणि अचानक स्वच्छ. "लागली," असं ती दरवेळी म्हणायची, जसं काही नेम धरून काहीतरी पाडलंय. मागच्या सीटवर आम्ही दोघं. तिच्या वेणीतली शेवंती माझ्या नाकासमोर. खिडकीतून ऊस गाळपाच्या दिवसांतला काकवीचा वास, जड, थोडा करपलेला, गूळ खाऊन पोट भरल्यावरही पुन्हा खावासा वाटावा असा.

आजऱ्याला मावशीकडे जाताना काजूच्या टरफलांचा धूर काचा लावल्या तरी आत यायचा. डोळे चुरचुरायचे. परत येताना डिकीत मावशीच्या शेतातल्या तांदळाचं पोतं असायचं आणि त्याचा वास कोल्हापूरपर्यंत सोबत. घाटात सांगली सुटायची. अव्वा बटण बंद करायची, काठी खाली जायची. घाट उतरला की पुन्हा वर. रंकाळ्यावर रविवारी संध्याकाळी गाडी तळ्याकडे तोंड करून लावायची, भेळेचे पुडे बॉनेटवर, दारं सताड उघडी, काठी वर. आप्पा खिशातलं कापड काढून काठी पुसायचे, खालून वर, एकेक तुकडा. त्यांच्या हाताला कायम लेथच्या तेलाचा वास असायचा, साबणानं न जाणारा. अव्वा रेडिओबरोबर गुणगुणायची. आप्पा म्हणायचे, "एक रेडिओ पुरे झाला की." ती गप्प बसायची नाही. त्या दिवसांत ती गप्प बसत नव्हती, हे मला नीट लिहून ठेवायचं आहे.

मग ती खंडेनवमी.

उद्यमनगरात त्या दिवशी सगळी मशीनं धुऊन पुसून ठेवतात. लेथच्या चकला, म्हणजे फिरत्या तोंडाला, हळदकुंकू, टूलपोस्टला झेंडूचा हार, जमिनीवर लोखंडाच्या कीसाऐवजी रांगोळी. गाडीही कारखान्यात आणली होती. गारगोटीहून काका आले होते, कामगार होते, शेजारच्या शेडमधली माणसं प्रसादाला थांबली होती. बॉनेटवर हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. अव्वाकडे एक हार उरला. रेडिओ चालू होता, काठी वर होती, उन्हात चमकत होती. अव्वानं तो हार काठीला गुंडाळला, वरपासून खालपर्यंत. सुंदर दिसत होता, याची मी साक्षीदार आहे. मग आरती सुरू होणार म्हणून तिनं सवयीनं पुढं जाऊन रेडिओचं बटण बंद केलं.

काठी खाली यायला लागली. हार तोंडाशी गोळा झाला. अर्ध्यावर आल्यावर आतून कटाकटा कटाकटा असा आवाज आला, दाताखाली खडा आल्यासारखा, आणि काठी थांबली. मोटर तशीच कण्हत राहिली.

आप्पांनी आरतीचं ताट खाली ठेवलं. सगळ्यांच्या समोर म्हणाले, "बाईचा हात लागला की मशीन बसलंच म्हणून समजा." माणसं हसली. काका सगळ्यांत मोठ्यानं. अव्वानं तो हार एकेक फूल न तुटता काठीवरून सोडवून काढला आणि आपल्या पिशवीत ठेवला. आरतीला टाळ्या वाजवल्या, प्रसाद वाटला. घरी येताना ती मागच्या सीटवर बसली.

ती पुन्हा कधी पुढं बसली नाही. मांडीवर पिशव्या घेऊन मागं, आजऱ्यापर्यंत मागं, माझ्या लग्नाच्या बस्त्याला मागं. आप्पांनी डॅशबोर्डाखाली हात घालून मोटरची वायर तेवढी सुटी केली आणि कॅसेट लावायला लागले. अँटेनाला कुणी हात लावायचा नाही, असं सांगितलं. एवढी दोन मशीनं चालवणारा माणूस, गिऱ्हाइकाचा कसलाही मोडका भाग जोडून देणारा, त्यानं स्वतःच्या गाडीचा अँटेना उघडून बघितला नाही. गाडी जिथं जाईल तिथं तो अर्धा वर असायचा. कुणी विचारलं की आप्पा किस्सा सांगायचे. किस्सा चांगला सांगायचे.

आणि घरात एक म्हण रुजली. कुणी हौसेनं काही करायला गेलं आणि ते बिघडलं, की "झाला अव्वाचा हार." दूध उतू गेलं, अव्वाचा हार. तम्माच्या बायकोनं पडदे धुतले आणि ते आटले, अव्वाचा हार. नातवंडंही म्हणतात, त्यांना हार कुठला तेही माहीत नाही. अव्वा प्रत्येक वेळी सगळ्यांच्या बरोबर हसते. मीही म्हटलंय. माझ्या रेशमी साडीला तिनं प्रेमानं इस्त्री केली आणि पदराला डाग पडला, तेव्हा माझ्या सासूबाईंच्या समोर म्हटलं. तेव्हाही ती हसली. त्या हसण्याची यादी मी केलेली नाही. केली तर पुरणार नाही.

तर आज सकाळी डिकी उघडली. आत बुरशीचा, रबराचा आणि अजून, शपथेवर सांगते, तांदळाच्या पोत्याचा वास होता. डाव्या बाजूचं पुठ्ठ्याचं आवरण काढलं. अव्वा शेडच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर मटार सोलत बसली. तम्मा कप घेऊन आला.

"आक्का, परवा तोडणार हायत तिला. मरायला टेकलेल्या म्हशीला शिंगं बसवायलीस व्हय?"

"तुला बसवायला सांगितलंय का?"

"न्हाय, पर करून काय मिळायचंय?"

"टॉर्च धर."

"माझा चहा हाय हातात."

"मग चहा धर आणि गप्प उभा राहा."

अव्वा मटारात बघून हसली. तम्मानं चहा संपवला आणि कप टपावर ठेवून निघून गेला. बाजारात जायचं होतं म्हणे.

वरची गोल चकतीसारखी नटाची टोपी पक्कडीनं सुटली नाही. रॉकेल टाकून पाव तास थांबले, मग सुटली. खालचे दोन बोल्ट, अर्थिंगची वायर, रेडिओकडे जाणारी जाड वायर. प्रत्येक वायरीला रंगीत चिकटपट्टी लावून कागदावर नोंद केली. मोटरचा अख्खा डबा बाहेर निघाला तेव्हा तो माझ्या दोन्ही हातांत नारळाएवढा जड होता. वर्तमानपत्रावर ठेवला आणि झाकणाचे स्क्रू काढले.

मला आत झेंडू सापडेल असं वाटत होतं. वाळून काळी पडलेली पाकळी, हाराचा दोरा, काहीतरी. तीस वर्षांवर आम्ही तेच सांगत आलो होतो की हार आत ओढला गेला. आत एक धागासुद्धा नव्हता. दातेरी दोरी गुंडाळलेली होती, पांढरी, जवळजवळ नवी. आणि बरोबर मध्यावर, गिअरच्या तोंडाशी रुतून बसलेला, पितळेचा एक बुश.

पितळेची नळी. दोरी मध्ये तुटलेली, तिची दोन टोकं त्या नळीत दोन्हीकडून घालून दाबलेली. नळी दोरीपेक्षा जराशी जाड. मोटरच्या जोरावर ती गिअरमधून जाणं शक्य नव्हतं. काठी अर्धी वर गेली की ती गिअरपाशी येणार, आणि अर्धी खाली आली तरी येणार. कुणी हार घालो अगर न घालो.

तो बुश कुणी केला हे मला विचारायची गरज पडली नाही. दोन्ही कडा घासून बोथट केलेल्या होत्या, बोटाला लागू नये म्हणून. जिथं कुणाचं बोट कधी पोचणार नाही, तिथंही. असं काम कोल्हापुरात एकच माणूस करायचा, असं तो स्वतःच म्हणायचा. आणि खंडेनवमीनंतर त्यानं हे झाकण उघडलं नव्हतं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणजे जोड त्याच्या आधीचा. तेव्हा मला त्या श्रावणातला एक आठवडा आठवला, गाडी कारखान्यात होती, "सर्व्हिसिंग" म्हणून. ती परत आली तेव्हा आप्पा म्हणाले होते, पावसाचं काठी पूर्ण वर काढू नका, तीनच तुकडे पुरेत, बटण मी बघतो. खंडेनवमीला सगळ्यांना दाखवायचा म्हणून त्यांनी तो अंदाजानं, अडत अडत, हातानं ओढून पूर्ण वर नेला असणार. नवी दोरी बाजारात मिळत होती. पण लेथवाल्यानं बाजारातून आणायची म्हणजे कमीपणा. बटण बंद होऊन कटाकटा आवाज आला, त्या क्षणी, ताट खाली ठेवायच्या आधी, त्यांना कळलं होतं की काय अडकलंय. त्यांना एकट्याला कळलं होतं.

मी तो तुकडा कापून काढला आणि अव्वाच्या मटाराच्या ताटात ठेवला. माझा आवाज नको तेवढा मोठा निघाला.

"हे बघ. तुझा हार नव्हता. हे होतं. आप्पांनी केलेलं. आधीच केलेलं."

तिनं तुकडा उचलला. पदरानं पुसला, उजेडात धरला, दोन्ही टोकं धरून ओढून बघितलं.

"सुटला न्हाय गं," ती म्हणाली. "किती वर्सं झाली. जोड बघ की कसला धरलाय."

"अव्वा, त्यांना माहीत होतं."

"असंल."

"सगळ्यांच्या समोर तुला बोलले. पुढं जन्मभर बोलत राहिले. आम्ही बोललो. मी बोलले."

"तू बोललीस ते मला ठाऊक हाय," अव्वा म्हणाली, आणि एक शेंग सोलली. "तुझ्या सासूबाईंच्या म्होरं."

मी खाली बसले. पान्याला लागलेलं तेल हातभर झालं होतं.

"आता सगळ्यांना सांगायचं," मी म्हटलं. "काकांना फोन करते. तम्माला सांगते. मुलांना सांगते. आजपासून 'आप्पांचा जोड' म्हणायचं."

"काय बी म्हणायचं न्हाय. गेलेल्या माणसाला नावं ठेवायची न्हाईत."

"आणि जिवंत माणसाला ठेवायची?"

ती माहेरच्या कानडी शब्दात म्हणाली, "साकू आता. पुरे. त्ये बसीव आधी. उघडून ठिवलंयस."

मी इतकी संतापले होते की दोन वेळा स्क्रू हातातून गळाला. कुणावर संतापले होते, याची यादी तेवढ्यात मनात झाली: आप्पा. हसणारे काका. चहा पिऊन निघून गेलेला तम्मा. पितळेचं कौतुक करणारी ही बाई. सगळ्यांच्या वर माझं स्वतःचं नाव होतं. आतलं जुनं ग्रीस काळ्या खव्यासारखं झालं होतं, ते रॉकेलनं धुतलं. जुनी काठी दोरीसकट ओढून काढली, गिअर पुसला. झाकण लावलं, डबा जागेवर बसवला, वायरी पट्टीच्या रंगाप्रमाणे जोडल्या, डॅशबोर्डाखालची सुटी वायरही, आणि बॅटरी.

आता नवी काठी घालायची. याला दोन माणसं लागतात. एकानं रेडिओ चालू करायचा, दुसऱ्यानं दातेरी दोरी वरून आत सोडून दात गिअरला टेकवायचे, मग पहिल्यानं रेडिओ बंद करायचा, म्हणजे मोटर दोरी आत ओढून घेते. मी डिकीपाशी असणार, म्हणून रेडिओपाशी दुसरं कुणीतरी हवं. तम्माला फोन लावला, उचलला नाही.

"अव्वा, पुढं बस."

"मी न्हाय. शेजारच्या कुणाला तरी बोलीव."

"शेजारच्यांना नाही बोलवायचं."

"माझा हात नको गं त्याला."

हे तिनं हसून म्हटलं नाही. नेहमीच्या हसण्याशिवायचा तिचा चेहरा मी आज पहिल्यांदा बघितला असेल, आणि तो मला ओळखीचा वाटला नाही. तीस वर्षं ती जे हसत होती, त्याच्या खाली हे वाक्य होतं, तसंच्या तसं. तिला ते खरं वाटत होतं. पितळ हातात धरूनसुद्धा.

मी तिला समजावलं नाही. मला समजावता येत नाही, कामं सांगता येतात. "मी 'चालू' म्हटलं की चालू करायचं," मी म्हटलं. "'बंद' म्हटलं की बंद. बिघडलं तर माझ्या नावावर. लिहून देते." आणि खरंच कागदाच्या तळाशी लिहिलं, सही केली आणि तिच्या हातात दिलं. तिनं चष्मा नाकावर सरकवून ते पूर्ण वाचलं.

मग उठली. दार उघडायला तिला दोन वेळा ओढावं लागलं. पुढच्या सीटवर बसली, आधी पाय बाहेर ठेवून, मग एकेक आत घेऊन. मटाराचं ताट मांडीवर.

"चालू," मी म्हटलं.

घर्रर्र. तोच आवाज, थोडा घोगरा. मी दोरी सोडली, दात पुढच्या बाजूला, बोटाला गिअरचा ठोका लागेपर्यंत.

"बंद."

काही झालं नाही. तिचं बोट बटणावर होतं, मला मागच्या काचेतून दिसत होतं. ती फिरवत नव्हती.

"अव्वा, बंद."

तिनं डोळे मिटले आणि बटण फिरवलं. दोरी माझ्या बोटांतून सरसरत आत गेली, तुकडा तुकड्यात, तुकडा तुकड्यात, अर्ध्यावर आली, आणि थांबली नाही. मणी पत्र्याला टेकला. टक्.

मग मला न विचारता तिनं बटण पुन्हा चालू केलं. काठी वर गेली, पत्र्याच्या छताला लागते की काय इतकी वर. खरखर. केसभर मागं. केसभर पुढं.

"लागली," अव्वा म्हणाली.

कुठलंसं गाणं होतं. मला ते माहीत नव्हतं, तिलाही नसावं, पण ती गुणगुणायला लागली, सूर सोडून, मोठ्यानं.

आता वरच्या नटाची टोपी तेवढी आवळायची होती. ती आवळल्याशिवाय वर गेलेली काठी हिसका बसला तर सुटून येऊ शकते. मी काचेवर टकटक केली.

"अव्वा, खाली घे. नट आवळायचाय."

"थांब की."

"अव्वा, सुटेल ते."

"सुटू दे. गाणं हाय."

बारा वाजत आले. तम्मा अजून आलेला नाही, त्याला काहीच सांगितलेलं नाही. ती काच वर करून बसली आहे. मी पक्कड घेऊन डिकीपाशी उभी आहे. नट आवळायचा राहिला आहे.